बायजाबाईचा हलता मुक्काम

बायजाबाई आमच्या दारात पहिल्यांदा आली ती पळत. म्हणजे तिला जमेल तशी पळत, कारण डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. काखेत बोचकं, हातात जिवंत कोंबडी, आणि एका पायावर उड्या मारत ती मुलीच्या खोलीतून निघाली आणि थेट आमच्या ओट्यावर येऊन ओरडली, "बाहेर निंगा! सगली बाहेर निंगा! धरतरी हालली!"

मी चहा गाळत होते. माझ्या सासूबाई, जैनब, पलंगावर बसून सुपारी कातरत होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. धरतरी काही हलली नव्हती. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये आमच्या लूमची दुपारची पाळी सुरू झाली होती.

भिवंडीतल्या आमच्या कामतघरात नव्या माणसाला हे कळायला थोडा वेळ लागतो. लूम सुरू झाले की आमच्या गल्लीत जमीन थरथरते. मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणत राहतात. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाला दोन खिळे मारतो आणि चहाचा कप काठोकाठ भरत नाही. याहून जास्त कोणी त्याचा विचार करत नाही.

"अगो बाय, बस खाली," अम्मी तिला म्हणाल्या. सासूबाईंना मी अम्मीच म्हणते. "हा भूकंप आमचा घरचा आहे. आम्हीच लावतो, आम्हीच बंद करतो."

बायजाबाई कोंबडी पोटाशी धरून उभीच. तिने जमिनीकडे पाहिलं, मग अम्मींकडे. "बटन हाय याला?"

"आहे की."

"मंग आमचेकडं पन बसवा एक."

अम्मींच्या हातातला अडकित्ता खाली पडला इतक्या त्या हसल्या. त्या दिवसापासून बायजाबाईचा एक पाय तिच्या मुलीच्या खोलीत आणि प्लास्टरचा पाय आमच्या ओट्यावर.

तिची मुलगी मंगळी आमच्याकडे लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला येते, आणि मंगळीचा नवरा बुधा आमचे लूम चालवतो. शेडच्या मागच्या खोलीत दोघं राहतात. माणसं वारली जमातीची, गाव तलासरीच्या पलीकडे डोंगरात. तिकडच्या जमिनीला गेली काही वर्षं हलायची खोडच लागली आहे. बायजाबाई म्हणायची, लहान धक्का आला तर आम्ही हातातली भाकरीसुद्धा खाली ठेवत नव्हतो. मग एक दिवस मोठा आला.

ती गोष्ट मी तिच्याकडून पुष्कळदा ऐकली. दर वेळी थोडी वेगळी असायची. कधी ती मीठ आणायला घरात गेलेली असायची, कधी कोंबडी शोधायला. पण सुरुवात एकच.

"आधी आवाज आला. खडीचा डंपर येतो न्हाय, तसा. मी म्हनलं, अगो बाय, आमचे पाड्यावर रस्ता कवा झाला?"

रस्ता झाला नव्हता. तिचं विटांचं नवं घर, ज्याच्या कडीकोयंड्याचं तिला फार कौतुक होतं, ते कौलांसकट तिच्या अंगावर आलं. शेजारी कारवीच्या कुडाची जुनी झोपडी होती, शेणाने लिंपलेली. तीत ती बकऱ्या बांधायची. झोपडी डोलली आणि उभी राहिली.

"बकऱ्या आतनं मान काढून मना बघत व्हत्या," ती सांगायची. "म्हनत असतील, बाय, तूच आमचेकडं ऱ्हायला पायजे व्हती."

पाड्यावरची शेजारीण काळीबाय त्या दिवशी गेली. ते सांगताना बायजाबाई थट्टा करायची नाही. काळीबायचं नाव घ्यायची, जमिनीला हात लावायची आणि तो कपाळाला लावायची. ज्या जमिनीने शेजारीण नेली तिच्याच पाया पडताना पाहून मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं होतं. नंतर वाटलं, मी तरी दुसरं काय करते. ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्यापुढेच डोकं टेकते.

तिला बाहेर काढलं ते पाड्यावरच्याच राघोने, नुसत्या हातांनी. "मी त्याला शिव्या देत व्हते. माझ्याच पायावर उभा ऱ्हाऊन मना वर काढत व्हता, येडा!"

आणि इथून या गोष्टीचा खरा पेच सुरू होतो.

बायजाबाई त्यांच्या पाड्याची धवलेरी. वारल्यांमध्ये लग्न बाई लावते. ती गाणी म्हणते, देवांना बोलावते, तेव्हा ते लग्न. ही सगळी गाणी त्या पाड्यावर आता हिलाच येतात. त्यांच्यात दुसरीही एक रीत आहे. दोघांचं जमलं की ती एकत्र राहायला लागतात, आणि लग्नाचा सोहळा सवडीने करतात. राघो आणि चैतीला ती सवड अजून झाली नव्हती. त्यांची थोरली मुलगी शाळेत जात होती.

जमीन हलली तेव्हा चैती पोरांना घेऊन उघड्यावर उभी होती. तिने तिथेच सांगून टाकलं, जगले तर आधी लगीन. आणि विटांखालून बायजाबाई राघोला म्हणाली, "मना काढ बाहेर, तुझा लगीन मी लावीन."

शब्द दिला. पण त्याच दिवशी मंगळी टेम्पो घेऊन गेली, आईला चादरीत गुंडाळून भिवंडीला घेऊन आली. पाय जोडला गेला. पुढे प्लास्टरही निघालं. राघोचं लग्न वैशाखात धरलं होतं आणि धवलेरी कामतघरात अडकलेली. मंगळी तिला सोडायला तयार नव्हती.

"तिकडे जमीन अजून हलतेय, आई."

"हितं काय गप बसलीय?"

"इथलं लूम आहे!"

"मना काय म्हाईत? माझे बुडाला सारखाच वाटतो."

मंगळी मूळची अबोल, पण आईच्या बाबतीत हटून बसली की बसलीच. मग बायजाबाईने आपला मार्ग काढला. रोज पाळी सुरू झाली, पहिला खटका वाजला, की ती बोचकं घेऊन, कोंबडी मांडीवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर जाऊन बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोरीचे घरात भूकंप होतो. रोज होतो. तरी मना तिथंच ठेवते."

रिक्षावाले थांबायला लागले. एकाने बिस्किटाचा पुडा दिला. दुसऱ्याने मंगळीला गाठून सुनावलं, "क्या बेटी है तू! बुढ़िया को थोड़ा तो संभाल!" मंगळीला तोंड लपवायला जागा राहिली नाही. एक दिवस वॉर्डातला कोणी कार्यकर्ता मोबाईल घेऊन आला आणि हिची मुलाखत घेऊ लागला. तेव्हा माझे मिस्टर, सिराज, शेडमधून तणतणत घरी आले.

"अम्मी, तिला आत बोलवा. लोक माझ्या शेडचे फोटो काढतायत."

"बोलावते," म्हणून अम्मी गेल्या. बराच वेळ झाला तरी आल्या नाहीत. मी डोकावून पाहिलं तर अम्मी तिच्या शेजारी रस्त्यावरच बसलेल्या. मध्ये पानाचा डबा, आणि दोघी मिळून बिस्किटं खात होत्या.

"कौसर, चहा पाठव गो," अम्मींनी मला हाक मारली. "दोन कप. आणि त्या कार्यकर्त्याला पण दे, बिचारा उन्हात उभा आहे."

अम्मी विधवा झाल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. लूमच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळे त्या दोघींचं गुपित असं काही गल्लीत उरलं नाही.

"तौबा! मुलं आईबापाच्या लग्नात हळद लावतात?"

"लावतात तं! नाचतात पन. तुमचे लग्नात पोरं न्हवती, म्हनून तुमाला मजा न्हाय आली."

"मला मजा आली होती."

"काय मजा? सांग मना."

अम्मींनी डब्यातून पान काढलं आणि तिच्या तोंडात कोंबलं.

दुपारी बायजाबाई गाणी घोकायची. लग्नाच्या दिवशी एक कडवं जरी मागं-पुढं झालं तर देव रुसेल म्हणायची. डोळे मिटून, मांडी घालून, भिंतीला पाठ लावून. भिंतीपलीकडे लूम खटाखट वाजायचे, म्हणून ती आवाज चढवायची. लूम आणखी जोरात, तर ती आणखी वर. आमच्या हातांच्या कामापेक्षा सासूबाईच्या गळ्याचं काम कठीण, असं बुधा चिडवायचा. पण धोट्यात कांडी घालता घालता तोही तेच गाणं गुणगुणायला लागला होता.

वैशाख जवळ आला तशी मायलेकींची रोज जुंपायला लागली. शेवटी एका सकाळी मंगळी कंटाळून म्हणाली, "बरं. माझं ऐकू नको. देवाला विचारू. भगताला बोलवून दाणे पाहू. देव म्हणाला जा, तर मी स्वतः तुला सोडायला येईन. म्हणाला राहा, तर परत राघोचं नाव काढायचं नाय."

दाणे पाहणं म्हणजे थाळीत पाणी घ्यायचं, भगताने देवाचं नाव घेऊन त्यात तांदळाचे दाणे सोडायचे. दाणे गोळा होऊन एका जागी बसले की राहायचं. फुटून पांगले की निघायचं.

बायजाबाई इतक्या पटकन कबूल झाली की मंगळीला संशय आला. म्हातारीची नजर तांब्याकडे होती. तांब्यातल्या पाण्यावर लूमच्या तालात बारीक वलयं उठत होती.

"थाली कुठं ठेवायची?" बायजाबाईने साळसूदपणे विचारलं. "हितंच ना?"

मंगळीने तांब्याकडे पाहिलं. मग आईकडे. "इथंच. पण शुक्रवारी."

शुक्रवारी आमचे लूम बंद असतात. बायजाबाईचा चेहरा असा पडला की कोंबडीनेही मान वळवून पाहिलं.

आता अम्मींचं मन मला माहीत होतं. त्यांनीच मला आडून सांगितलं होतं, "मंगळीला म्हण, पाऊस सरेपर्यंत ठेव हिला. काय घाई आहे?" त्यामुळे शुक्रवार ठरल्यावर अम्मी खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या अडकित्ता घेऊन बसल्या. सुपारी मात्र नेहमीपेक्षा जाडी कातरली.

शुक्रवारी सकाळी बायजाबाई ओट्यावर आली. "जैनबबाय," ती म्हणाली, "पानी आज निजलाय."

मग दोघी बोलत बसल्या. मी आत स्वयंपाक करत होते, मला एक शब्द ऐकू आला नाही. त्या दोघींना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी भगत आला. तुळशीराम त्याचं नाव, इथल्याच डोंगरातल्या गावचा. पण नोकरी वळ गावात, एका मोठ्या गोदामावर वॉचमनची. ड्युटीवरून मध्येच निघून आला होता, त्यामुळे अंगावर गणवेश, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. मंगळीच्या खोलीत एवढी माणसं बसणार कुठे, म्हणून थाळी आमच्या ओट्यावर मांडली. सिराज आणि गल्लीतले बाकीचे पुरुष जुम्याच्या नमाजाला गेले होते. मी घरातच नमाज पढून जानमाज घडी करून ठेवली आणि दारात उभी राहिले. दुसऱ्याच्या देवाचं काम चाललं असताना आपण गप्प राहावं, हे मला घरातूनच शिकवलेलं आहे.

गल्ली शांत होती. थाळीतलं पाणी काचेसारखं. बायजाबाई, मंगळी, बुधा थाळीभोवती बसले. तुळशीरामने टोपी काढून बाजूला ठेवली, शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली आणि डोळे मिटून पुटपुटायला लागला. मग एकेक करून दाणे सोडले.

दाणे बुडाले. गिरक्या घेत तळाला गेले, आणि हळूहळू मधोमध जवळ यायला लागले. बायजाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं. ती खरंच घाबरली होती. या बाईला मी भूकंपाची गोष्ट सांगतानासुद्धा अशी पाहिली नव्हती.

"बघ आई," मंगळी कुजबुजली. "बसतायत."

खट.

भिंतीपलीकडे. मग खटखट. मग खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्, एकच लूम, पण जोरात. थाळीत वलय उठलं. दाणे दचकल्यासारखे उडाले, फुटले, चारी दिशांना पांगले. एक तर थाळीच्या काठाला जाऊन चिकटला.

"लूम!" मंगळी उभी राहिली. "भगतबाबा, हे धरायचं नाय! हे मशीन आहे! कोणी चालू केला?"

सगळ्यांनी बुधाकडे पाहिलं. बुधाने दोन्ही हात वर केले. "मी हितंच बसलोय!"

तुळशीराम भगताने पांगलेल्या दाण्यांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि मला विचारलं, "बाई, शुक्रवारी या टायमाला तुमचा लूम चालतो?"

"नाही."

"आधी कवा चालला व्हता?"

"मी या घरात आल्यापासून तरी नाही."

"शेठ?"

"नमाजला गेलेत."

"मंग झाला की," तुळशीराम म्हणाला. "जो लूम कवा चालत न्हाय तो बरोबर दाणे टाकल्यावर चालला. आता देवानं काय स्वतः येऊन थाली हालवायची? ज्याचे हाताशी काम हाय त्याचेकडून तो करून घेतो. मी पन शिट्टी माझे मनानं वाजवत न्हाय, सुपरवायझर सांगतो तवा वाजवतो." आणि त्याने टोपी घातली. "जायचा हाय. देवानं सांगितला, जायचा."

तेवढ्यात शेडच्या दारातून अम्मी बाहेर आल्या. ओढणीवर कापसाची पिसं, बोटं तेलाने काळी.

"काय बघता सगळे? बंद राहून लूम गंजतो. तेल दिलं, चालतो का पाहिलं." मग बुधाला, "जा रे, बंद कर. बंद कसा करतात ते मला आठवत नाही."

मंगळी रडकुंडीलाच आली. "आजी, तुम्हीच म्हणत होतात ना, हिला ठेवून घे म्हणून?"

"म्हणत होते. पण विचारलंस कोणाला, मला की तुझ्या देवाला?"

"तुम्ही पाहिली नाय तिला," मंगळी म्हणाली. "मी पाहिली. केसांत सगळी माती. डोळे तेवढे दिसत होते. मला वाटलं मेली."

हे ती पहिल्यांदाच बोलली. बायजाबाई थाळीवरून उठली, लेकीजवळ गेली. तिने कोंबडी उचलून लेकीच्या हातात दिली.

अम्मींनी ओढणीला बोटं पुसली. "तू पण जा हिच्याबरोबर. मोकळ्यावर तंबूत झोपवायची, भिंतीजवळ जाऊ द्यायची नाही. जिथे भिंतच नाही तिथे अंगावर पडणार काय? कांड्या कौसर भरेल तोवर."

कांड्या मी भरीन हे मलाही तेव्हाच कळलं.

सिराज नमाजाहून आले तोपर्यंत गल्लीच्या टोकालाच त्यांना सगळं कळलं होतं. "अम्मी, जुम्याच्या वेळेला लूम?"

"जुम्याची नमाज तुझ्यावर फर्ज आहे, माझ्यावर नाही," अम्मी म्हणाल्या. "मी मोकळी होते."

मायलेकी गेल्या. कोंबडी अम्मींनी ठेवून घेतली, तिला आता प्रवास झेपणार नाही म्हणाल्या. कोंबडी ठणठणीत होती.

वैशाखातलं लग्न होऊन मंगळी एकटीच परत आली आणि ओट्यावर बसून तिने सगळं सांगितलं. विटांची घरं तर पडलेली, मग लग्नाचा चौक, ते भिंतीवरचं पांढरं चित्र, काढायचा कुठे? शेवटी बायजाबाईच्या बकऱ्यांच्या झोपडीवरच काढला, त्या कुडाच्या भिंतीवर. बकऱ्यांना त्या दिवसापुरतं बाहेर बांधलं. समोर मोकळ्यावर मांडव. राघो आणि चैती हळद लावून बसलेले, मुलं त्यांच्यापेक्षा जास्त पिवळी. बायजाबाईने डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं.

"आणि निम्म्यात आला," मंगळी म्हणाली.

"काय आला?" मी विचारलं.

"धक्का. चांगला जोराचा. मांडवाचे बांबू करकरले. सगळी उठून पळाली. वाजंत्रीवाले वाजंत्री टाकून पळाले. मी आईला ओढायला धावले, तर ही डोळे मिटून गातेच आहे! उलट आवाज चढवला. राघो अर्धा उठला, तर चैतीने त्याचं धोतर धरून खाली बसवला. म्हणाली, हालशील तर बघ, इतकी वर्षं थांबलेय मी."

"मग?" अम्मींचं पान चघळायचं थांबलं होतं.

"मग काय, गाणं संपेपर्यंत मांडवात तिघंच. धक्का पण तोवर थांबला. आईने डोळे उघडले, तर समोर बाकी माणूस नाय. म्हणते, गेली कुठं सगली? मी म्हटलं, आई, धरतरी हालली. तर म्हणते, कवा? मना वाटला बुधाची पाली चालू झाली."

अम्मी हसता हसता ठसकल्या. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर डोळे पुसत त्यांनी विचारलं, "लग्न पुरं झालं ना पण?"

"झालं. आता तिला तिकडून हलवणं कठीण आहे. राघोचं पाहून बाकीची जोडपी पण उठलीत. एक तर नातवंडं असलेली जोडी आहे. दर दोन दिवसांनी हिला मांडव." मंगळीने पदराने तोंड पुसलं. "तुम्हाला बोलावलंय पुढच्याला."

"मला? त्या हलत्या जमिनीवर?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणते, जैनबबायला घेऊन ये. ती कामतघरची हाय, तिला सवय हाय."

अम्मींनी खाली पाहिलं. कोंबडी त्यांच्या पायाशी सुपारीचा चुरा टोचत होती.

"कौसर," त्या म्हणाल्या, "माळ्यावरची माझी पिशवी काढ गो."

मी स्टुलावर चढून हात घातला, तेवढ्यात शेडमध्ये दुपारची पाळी सुरू झाली आणि स्टूल पायाखाली थरथरायला लागलं.

"अम्मी, हलतंय हे."

"हलू दे," अम्मी म्हणाल्या. "तू पिशवी काढ."